सात फुटी शर्टपीस

बास्केटबॉलमधलं मला ओ की ठो कळत नाही, हे आधीच सांगून टाकतो. तरीही गेल्या हिवाळ्यात मी अमेरिकेतली एक व्यावसायिक बास्केटबॉल टीम पायापासून नव्याने बांधून दिली! ती अजून उभी आहे का, हे मात्र विचारू नका. ताबा देऊन झाल्यावर बांधणाऱ्याला असले प्रश्न विचारायचे नसतात. पुण्यात फ्लॅट घेतलेल्या कुणालाही हे ठाऊक आहे.

झालं असं, की मी आणि माझी बायको पद्मिनी लेकीकडे अमेरिकेत, शॉमबर्गला आलो होतो. जानेवारी महिना. बाहेर बर्फ, आत हीटर, आणि मधे काचेला नाक लावून मी! चाळीस वर्षं एका साप्ताहिकात तिरकस सदर लिहिलेल्या माणसाला इथे काम काय, तर डिशवॉशर रिकामा करणे. त्यातही कप चुकीच्या कपाटात ठेवल्याबद्दल आमची सुवर्णा रोज तंबी द्यायची. थोडक्यात, मला एखाद्या मोठ्या कार्याची नितांत गरज होती.

इतरांचे जावई बँकांसाठी नाहीतर विमा कंपन्यांसाठी सॉफ्टवेअर लिहितात. आमचा शैलेंद्र नागपूरचा, तो बास्केटबॉल टीमच्या ऑफिसात आहे. टीमचं नाव लेकशोर बायसन्स. टीव्हीवर दिसते ती मोठी लीग ही नव्हे, तिच्या पुष्कळ खालची. पण खेळाडूंची उंची तीच आणि तिकिटाबरोबर मिळणारं पॉपकॉर्नही तेच. कोणता खेळाडू कोणत्या कोपऱ्यातून चेंडू टाकताना चुकतो, हे कॉम्प्युटरवर काढायचं, ही शैलेंद्रची नोकरी. काम भरपूर होतं. कारण बायसन्समधले सगळेच चुकायचे, सगळ्या कोपऱ्यांतून!

एका रविवारी शैलेंद्र जेवताना दुसरी पुरी घेईना. नागपूरचा माणूस, समोर पाटवडीचा रस्सा, आणि दुसरी पुरी नाही! पद्मिनीने लगेच त्याच्या कपाळाला हात लावून बघितला.

"ताप नाहीये, आई," शैलेंद्र म्हणाला. "नोकरी जाऊन राहिली."

टीमच्या मालकीणबाईंची गाद्यांच्या दुकानांची साखळी आहे. त्यांनी ऑफिसातल्या सगळ्यांना उभं करून सांगितलं होतं, की खेळाडूंच्या अदलाबदलीची मुदत गुरुवारी दुपारी दोनला संपते. तोवर टीम बदलली नाही, तर मी ऑफिस बदलेन.

"नोकरी गेली की व्हिसा गेला," सुवर्णा म्हणाली. "दोन महिन्यांत घर गुंडाळून परत. आणि मे महिन्यात तुझे आईअप्पा येणार आहेत. तिकिटं काढून बसलेत!"

"येऊ दे," शैलेंद्र म्हणाला. "भेट होईल एअरपोर्टवर. ते उतरताना, आपण चढताना."

कुणी हसलं नाही. मीसुद्धा. मग मी ताट सरकवलं आणि म्हणालो, "शैलेंद्रराव, मला एकदा समजावून सांगा. ही अदलाबदल म्हणजे नेमकं काय करतात?"

त्याने सांगितलं. आपला एक खेळाडू द्यायचा, त्यांचा घ्यायचा. याला म्हणतात ट्रेड. दोन्हीकडचे पगार साधारण जुळले पाहिजेत, असा लीगचा नियम. वर काही द्यायचं असेल तर पिक द्यायचा. पिक म्हणजे पुढच्या एखाद्या वर्षी कॉलेजातून जी नवी पोरं येतील, त्यातलं एक निवडायचा हक्क.

"म्हणजे पुढल्या मोसमातल्या हापूसचं आगाऊ बुकिंग!"

"हो बाबा. तसंच."

"मग अडलंय कुठे?"

"पेलहमपाशी," शैलेंद्रने सुस्कारा सोडला.

डॅरियस पेलहमला मी ओळखत होतो. सात फूट उंच, दोन्ही गुडघ्यांना पट्टे, टीममध्ये पगार सर्वांत जास्त आणि उडी सर्वांत कमी. संक्रांतीच्या सुमाराला शैलेंद्र त्याला एकदा जेवायला घेऊन आला होता. आमच्या डायनिंगच्या खुर्चीवर तो बालवाडीतल्या बाकावर बसलेल्या मुख्याध्यापकांसारखा दिसत होता. पद्मिनी त्याच्या ताटात गुळपोळ्या टाकत गेली आणि तो "थँक यू, आन्टी" म्हणत संपवत गेला. देवमाणूस! फक्त त्याने बास्केटबॉल खेळू नये.

"पेलहमचा पगार इतका, की तो गेल्याशिवाय नवा कुणी आणता येत नाही," शैलेंद्र म्हणाला. "आणि त्याला कोणी घेत नाही. डेल, म्हणजे आमचा मॅनेजर, महिनाभर सगळ्या टीमना ईमेल पाठवून राहिला. पेलहम अव्हेलेबल आहे, काय द्याल?"

मी कपाळावर हात मारला.

"शैलेंद्रराव! अहो, आहेरात आलेला शर्टपीस असा खपवतात का?"

आता शर्टपीस म्हणजे काय, हे तुम्हाआम्हाला सांगायला नको. आपल्याकडे शर्टपीस हा शिवायचा कपडा नाही. आहेरातला शर्टपीस शिवून अंगात घातलेला माणूस मी तरी आजवर पाहिलेला नाही. तो येतो आणि जातो. मुंजीत आलेला बारशाला जातो, बारशाला गेलेला वास्तुशांतीला निघतो. त्याचं शास्त्र आहे. पाकीट फोडायचं नाही. देताना 'तुमच्यासाठीच ठेवला होता' म्हणायचं. ज्या घरी कार्य आहे त्याच घरी द्यायचा, कारण कार्याच्या गडबडीत कुणी रंग बघत नाही. आणि नुसता द्यायचा नाही, वर नारळ ठेवायचा. नारळ बघून माणूस शर्टपीसला नाही म्हणत नाही.

"आणि ज्याने दिला त्याच्याच घरी तो परत जाता कामा नये," पद्मिनी रस्सा वाढता वाढता म्हणाली. "खरं काम ते आहे. बाकीचं कुणालाही जमतं."

ते खातं आमच्याकडे तिचं आहे. कोणती साडी कुठल्या वन्संनी दिली आणि ती कुणाच्या जावेला द्यायची नाही, हे सगळं तिच्या डोक्यात. मी त्यात कधी पडलो नाही. त्या रविवारीही पडलो नाही.

सोमवारी शैलेंद्रने बुडत्या माणसाच्या धाडसाने हा सिद्धांत ऑफिसात मांडला. डेल खुर्चीतून उठलाच म्हणे! "हे कुणाचं डोकं?"

"माझ्या सासऱ्यांचं. चाळीस वर्षं कॉलम लिहायचे."

डेलने मनाशी ठरवून टाकलं, की चाळीस वर्षांचा कॉलम म्हणजे खेळावरचाच असणार. शैलेंद्रने दुरुस्ती केली नाही. मंगळवारी सकाळी डेलने माझा हात हातात घेऊन "सर, तुमच्यासारखी माणसं आता उरली नाहीत," असं म्हटलं, तेव्हा मीही केली नाही. एवढ्या सच्च्या भावनेने बोलणाऱ्याला मधेच तोडणं आपल्या संस्कृतीत बसत नाही.

डेल पन्नाशीचा, गुबगुबीत आणि घामट. बाहेर हिमवर्षाव, आणि हा आपला टिश्यूने टक्कल पुसतोय! त्याने मला लांबलचक टेबलाच्या टोकाला बसवलं, हातात कॉफीचा बादलीएवढा कप दिला, आणि तेवढ्यात फोन वाजला. ओमाहाची टीम.

डेलने स्पीकर लावला.

"डेल, आमच्याकडे उंच माणसाची वानवा आहे," ओमाहावाला म्हणाला. "पेलहम द्या. आमचे दोन तरुण गार्ड घ्या."

शैलेंद्रने दोन्ही हात तोंडावर दाबले. गार्ड म्हणजे चेंडू खेळवत नेणारे चपळ खेळाडू, आणि त्या दोन पोरांवर त्याचा वर्षभर डोळा होता! डेल 'डन' म्हणायला तोंड उघडणार, इतक्यात मी टेबलावरून झुकून त्याचं मनगट धरलं.

"पहिल्याच वेळी हो म्हणायचं नाही," मी कुजबुजलो. "हावरेपणा दिसतो. नको नको म्हणा. ते आग्रह करतील. पुन्हा नको म्हणा. तिसऱ्यांदा, अगदी तुमचं मन मोडवत नाही म्हणून, असं म्हणत घ्या."

डेलने भक्तिभावाने मान हलवली. "नो, नो," तो फोनवर म्हणाला. "इतकं कशाला? नको."

"ओके," ओमाहावाला म्हणाला. "हॅव अ गुड वन."

फोन बंद.

"आता बघा," मी खुर्चीत मागे रेललो. "येईलच फोन."

आम्ही फोनकडे बघत बसलो. माझी बादली निम्मी झाली. फोन मख्ख.

"बाबा," शैलेंद्र अगदी हळू आवाजात मराठीत म्हणाला, "इथं नको म्हणजे नकोच असते."

"दुसऱ्यांदा विचारतच नाहीत?"

"नाही."

"एकदाही?"

"नाही बाबा."

"मग हे लोक एकमेकांकडे जेवतात कसे?"

तेवढ्यात शैलेंद्रच्या लॅपटॉपवर बातमी झळकली. ओमाहाने ते दोन गार्ड दुसऱ्याच टीमला देऊन उंच माणूस आणलासुद्धा! डेलचं टक्कल पांढरं पडलं. शैलेंद्रचा चेहरा परतीच्या विमानात चढताना दिसावा तसा दिसायला लागला. आणि मी? मी गप्प बसलो असतो तर ही गोष्ट इथेच संपली असती.

"हरकत नाही!" मी म्हणालो. "ओमाहाकडे गरज होती. गरजेच्या घरी शर्टपीस जात नाही, कार्याच्या घरी जातो. कुणाकडे कार्य आहे?"

"कार्य?"

"वास्तुशांत, उद्घाटन, काहीतरी!"

शैलेंद्रने शोधलं. टक्सनच्या टीमचं नवं स्टेडियम मार्चमध्ये उघडणार होतं. मी टेबलावर थाप मारली. नव्या घरी माणसाला दिवाणखान्यात ठेवायला काहीतरी उंच लागतंच!

टक्सनला फोन लागला. मी बाजूने सांगत गेलो, डेल बोलत गेला. पेलहमबद्दल त्याने एकदाही 'देतो' म्हटलं नाही. त्याच्या स्वभावाचं वर्णन केलं, उद्घाटनाच्या दिवशी लहान मुलं त्याच्याबरोबर कसे फोटो काढतील ते रंगवलं आणि शेवटी आवंढा गिळून म्हणाला, "खरं सांगू? जिवावर येतंय. पण तुमच्याकडे शोभेल तो." आणि वर पुढच्या वर्षीचा एक पिक ठेवला. नारळ!

टक्सनने पेलहम घेतला. बदल्यात दोन साधारण खेळाडू दिले. साधारण, पण चालते-फिरते!

डेलने मला उचलून मिठी मारली. महिनाभर जो माणूस फुकट जात नव्हता, तो मी एका नारळात घालवला होता! शैलेंद्रने घरी फोन करून सुवर्णाला सांगितलं, आणि त्या दुपारी मी चुकीच्या कपाटात ठेवलेल्या कपांबद्दल मला कोणी काहीही बोललं नाही.

संध्याकाळी पेलहम निरोप घ्यायला आला. दारातून वाकून आत आला, आन्टीच्या पाया पडायचं त्याला कुणीतरी शिकवलं होतं, पण गुडघ्यांमुळे ते अर्ध्यावरच राहिलं. पद्मिनीचे डोळे भरून आले.

"रिकाम्या हाताने कसा पाठवायचा?" ती म्हणाली आणि लाडू भरायला धावली.

मी आमची देण्याघेण्याची बॅग उघडली. परदेशी येताना आम्ही ही बॅग आणतोच. खण, नॅपकीन, अत्तराच्या कुप्या, कोण कधी भेटेल सांगता येत नाही! तळाशी एक शर्टपीस होता. फिकट पिस्ता रंगावर चॉकलेटी रेघा, पाकीट अगदी सीलबंद.

"अहो, तो नको," पद्मिनी स्वयंपाकघरातून मान लांब करून म्हणाली. "तो कुणाचा आहे माहितीय का? तो तर आपल्या..."

"अगं, त्याचं विमान सुटेल!"

मी शर्टपीस पेलहमच्या हातात ठेवला. त्या पंजात तो हातरुमालासारखा दिसत होता. "तुमच्यासाठीच ठेवला होता," मी म्हणालो. "आमच्यात कुणाकडे रिकाम्या हाताने जात नाहीत, आणि कुणाला रिकाम्या हाताने पाठवत नाहीत." त्याने ते वाक्य दोनदा माझ्याकडून म्हणवून घेतलं आणि मोठ्या गंभीरपणे मान हलवली. मला जरा चोरट्यासारखं झालं. पण जावयाच्या व्हिसापुढे पेलहमचा काय पाड?

बुधवारी मी ऑफिसात पोचायच्या आत बातमी आली. टक्सनने पेलहम बफेलोला दिला!

"पाकीट न फोडता!" मी आनंदाने ओरडलो. "बघा डेल, शास्त्र सगळीकडे सारखंच आहे!"

डेलला आता देण्याघेण्याची चटकच लागली. लग्नघरातल्या मामासारखा तो फोनामागून फोन करत सुटला. दोन साधारण खेळाडू दिले, त्यांच्यापेक्षा जरासा बरा आणला, वर नारळ. तो दिला, दुसरा आणला, वर नारळ. समोरच्याने नारळ न मागतासुद्धा नारळ! "रिकाम्या हाताने नाही पाठवायचं," असं तो फोन ठेवताना मला डोळा मारून म्हणायचा.

"बाबा," संध्याकाळी शैलेंद्र म्हणाला, "पुढल्या सहा वर्षांतला आपल्याकडे एकही पिक नाही उरला."

"आंबा काय, होतो नाही होतो," मी म्हणालो. "मोहोर गळतो, गारपीट होते. आज दाराशी काय आहे ते बघा."

दाराशी काय होतं, तर एक बुटका गार्ड आणि एक पाठदुखीवाला फॉरवर्ड. मालकीणबाई काचेच्या दारापलीकडून दोनदा डोकावून गेल्या. गादीवरचा डाग बघावा तशा बघत होत्या.

गुरुवार उजाडला. मुदत दुपारी दोनची. दीड वाजला आणि स्पोकेनचा फोन आला. त्यांच्याकडे एक तरुण गार्ड होता. नुसता वारा! शैलेंद्र त्याचे आकडे सांगताना उभा राहिला, राष्ट्रगीताला राहावं तसा. हा आला तर टीम बदलली असं कुणीही म्हणेल. मालकीणबाईसुद्धा.

"आमचा हा देतो," स्पोकेनवाला म्हणाला, "तुमचे ते दोघे द्या. पण पगार जुळत नाहीत. जुळवायला वर एक मोठ्या पगाराचा अनुभवी माणूस तुम्हाला घ्यावा लागेल."

"कोण?"

"आमचाच दुसरा एक ट्रेड चाललाय, तो झाला की नाव पाठवतो. आत्ता फक्त हो की नाही ते सांगा."

डेलने माझ्याकडे बघितलं. माझा मोबाइल वाजला. पद्मिनी!

"अहो, येताना दही आणाल का? विरजण संपलंय."

"दह्याचं नंतर बघू! इथे स्पोकेन सोन्यासारखा पोरगा देतंय, वर एक अनुभवी माणूस, फक्त नाव..."

"वर कोण?"

"नाव नंतर देणारेत."

"म्हणजे साडीबरोबर बंद पाकीट," पद्मिनी शांतपणे म्हणाली. "आत काय आहे बघितल्याशिवाय घेऊ नका हं. आणि ते कुठून आलंय ते आधी विचारा."

"अगं, इथे मिनिटं मोजतायत लोक! आणतो दही!" मी फोन ठेवला.

आणि डेलला सांगितलं, "वरच्या पाकिटाकडे बघायचं नसतं. मूळ आहेर बघा."

"नको नको म्हणू का आधी?"

"नाही!" मी आणि शैलेंद्र एकदमच ओरडलो.

डेल 'यस' म्हणाला. शैलेंद्रने अनुभवी माणसाच्या नावाची जागा स्पोकेनने भरायला रिकामी ठेवून कागदपत्रं कॉम्प्युटरवरून लीगच्या ऑफिसला पाठवली. घड्याळात दोन वाजले. डेलने टिश्यूचा अख्खा डबा टकलावर फिरवला. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. वारा आला! टीम बदलली! नोकरी राहिली, व्हिसा राहिला, मे महिन्यातली तिकिटं राहिली! मी बादलीभर कॉफी उचलून मनातल्या मनात माझ्याच आरोग्यासाठी प्यायलो.

मग शैलेंद्रच्या लॅपटॉपने टिंग केलं. स्पोकेनकडून नाव आलं होतं.

शैलेंद्रने वाचलं. चष्मा काढून पुसला. पुन्हा वाचलं.

"कोण आहे?" डेलने विचारलं.

"उंच आहे," शैलेंद्र म्हणाला.

"वा!"

"अनुभवी आहे."

"वा वा!"

"इथला रस्ता त्याला विचारावा लागणार नाही."

डेल हळूहळू खाली बसला.

टक्सनने बफेलोला दिला होता, बफेलोने त्याच दिवशी स्पोकेनला दिला, आणि स्पोकेनने, आपल्या शास्त्राप्रमाणे पाकीट न फोडता, कार्याच्या गडबडीत असलेल्या घरी पुढे पाठवला. आमच्या! डॅरियस पेलहम सर्व पगारासह आणि दोन्ही गुडघ्यांसह माहेरी परत आला होता. फरक इतकाच, की मंगळवारी तो आमच्याकडे सहा वर्षांच्या पिकांसकट होता. आता पिक नव्हते.

दार उघडलं. मालकीणबाई आत आल्या. त्या ओरडतील असं वाटलं होतं, पण ओरडल्या नाहीत. ते जास्त वाईट.

"पंचवीस वर्षं मी गाद्या विकतेय," त्या म्हणाल्या. "जुनी गादी परत घेते, उचलायला माणूस पाठवते, सगळं करते. पण आपलीच जुनी गादी आपणच पूर्ण किमतीला विकत घेणारा मॅनेजर मी आज पहिल्यांदा पाहिला."

डेलने माझ्याकडे बघितलं. मी कॉफीच्या बादलीत बघितलं.

संध्याकाळपर्यंत डेलला नारळ मिळाला. एवढा एकच तिथे शिल्लक राहिला असावा.

आता शैलेंद्रचं काय, हे विचाराल. शुक्रवारी सकाळी मालकीणबाईंनी दोन वकील बोलावले. कुठला पिक कुठल्या वर्षी कुणाकडे गेला, त्याने तो पुढे कुणाला दिला, वारा परत दिला तर काय परत येतं, पेलहमचा अर्धा पगार बफेलो देणार की टक्सन, हे त्यांना समजून घ्यायचं होतं. दुपारपर्यंत वकिलांनी कोट काढले. चारपर्यंत टाय काढले. मग एकाने विचारलं, "हे सगळं ज्याला कळतं असा कुणी आहे का या ऑफिसात?"

एकच होता. आणि हा गुंता सहा वर्षं सुटणार नव्हता.

"मिस्टर शैलेंद्रला कुठेही जाऊ देऊ नका," मालकीणबाईंनी फर्मान काढलं. व्हिसाची मुदत वाढवायचे कागद त्याच आठवड्यात गेले. तेव्हा मी शैलेंद्रची नोकरी वाचवली की नाही? सुवर्णाचं या बाबतीत वेगळं मत आहे. ती म्हणते, घर जळालं म्हणून राख भरणाऱ्याला काम मिळालं, याचं श्रेय काडी लावणाऱ्याने घेऊ नये. मुलींना परदेशी पाठवलं की त्या तुटक बोलायला लागतात.

रविवारी पेलहम जेवायला आला. मला त्याच्या नजरेला नजर द्यायची हिंमत होईना, आणि तसंही त्यासाठी स्टुलावर चढावं लागलं असतं. पण त्याच्या मनात काहीच नव्हतं.

"मी विमानतळांच्या बाहेर पडलोच नाही, अंकल," तो हसत म्हणाला. "टक्सनला उतरलो, टॅक्सीत बसणार तर फोन आला, बफेलोला जा. बफेलोला बॅग आली नव्हती, तिची वाट बघत होतो तर फोन, स्पोकेन. स्पोकेनला मी विमानतळाच्याच दारात उभा, तर त्यांनी माझ्याच विमानाचं परतीचं तिकीट हातात ठेवलं." त्याने जॅकेटच्या खिशात हात घातला. "तुम्ही म्हणाला होता, कुणाकडे रिकाम्या हाताने जायचं नाही. माझ्याकडे दुसरं काही नव्हतं. पण मी उघडला नाहीये हं!"

त्याने माझ्या हातात पाकीट ठेवलं. फिकट पिस्ता. चॉकलेटी रेघा.

पद्मिनीने माझ्याकडे पाहिलं, आणि पेलहमच्या ताटात पुरी वाढली. दह्याबद्दलही ती त्या आठवड्यात काही बोलली नव्हती. मी ते विसरलो होतो.

मे महिन्यात व्याही आणि विहीणबाई नागपूरहून ठरल्याप्रमाणे आले. एअरपोर्टवर ते उतरले आणि कुणीही चढलं नाही. चहापाणी झालं, गप्पा रंगल्या. मला भरून आलं. म्हटलं, या माणसाच्या मुलाच्या संसारासाठी आपण एवढा खटाटोप केला, तर आज त्यांचा मान राखलाच पाहिजे. पद्मिनी आत पोहे करत होती. एवढ्याशा गोष्टीसाठी तिला कशाला बाहेर बोलवायचं? मी स्वतःच बॅग उघडली आणि वर नारळ ठेवून पाकीट व्याह्यांच्या हातात दिलं.

"खास तुमच्यासाठीच ठेवला होता!"

व्याह्यांनी नारळ बाजूला केला. पाकीट उजेडात धरलं. उलटं केलं, सुलटं केलं.

"वा! मस्त आहे जी," ते म्हणाले. "रंग मात्र लय ओळखीचा वाटून राहिला. सुवर्णाच्या लग्नात आम्ही असाच एक दिलता... कोणाले दिलता बरं?"

आत स्वयंपाकघरात झारा कढईवर आपटल्याचा आवाज आला.

मी घाईघाईने पाकिटाकडे हात नेला. कोपऱ्यात शैलेंद्र वकिलांसाठी पिकांचा हिशेब लावत बसला होता. त्याने लॅपटॉपमधून मानसुद्धा वर केली नाही.

"राहू द्या बाबा," तो म्हणाला. "दोन वाजून गेले."